संक्रांतीची तारीख, माहेरी जाता येत नाही. नाशिकमध्येच बाळंतपणाची तयारी कशी करू?

इंदिरानगरची_जुई | १० डिसेंबर, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मला आज ३५ आठवडे पूर्ण झाले. पहिलीच वेळ. तारीख दिलीय १४ जानेवारी, म्हणजे ऐन संक्रांत. बाळ डोक्याकडून खाली आहे, बीपी ठीक, हिमोग्लोबिन १०.८. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही.

काळजी वेगळीच आहे. माहेर चाळीसगावचं. ऑक्टोबरात आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, अजून वॉकर घेऊन चालते. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. घरात मी, नवरा आणि सासरे. नवरा अंबडला कंपनीत, त्याच्या शिफ्ट बदलत असतात. जो भेटतो तो एकच विचारतो, "मग बाळंतपण कोण करणार?" सुरुवातीला हसून उत्तर द्यायचे. आता रात्री झोप लागत नाही.

मोबाइलवर दवाखान्याच्या बॅगेच्या याद्या बघितल्या. एकीत साठ वस्तू होत्या! मला खरंच काय लागेल, कळा कशा ओळखायच्या, घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस कसे काढायचे, हे तुमच्याकडून ऐकायचंय. आणि तो मूळ प्रश्न आहेच, कोण करणार?

मेनरोडवाली | १० डिसेंबर, रात्री १०.५२

जुई, आधी अभिनंदन गं! बॅगेचं मी सांगते, माझी मुलगी आता १४ महिन्यांची आहे.

पुढून उघडणारे तीन गाऊन. मोठे पॅड, बाळंतपणानंतरचे लांब मिळतात ते. नेहमीचे पहिल्या दोन दिवसांत पुरत नाहीत. कमरेत सैल, पोटाच्या वर येणाऱ्या सुती चड्ड्या. सिझर झालं तर टाक्यांवर इलॅस्टिक घासत नाही. मोजे, शाल, कानाला बांधायला स्कार्फ. चार्जर लांब वायरचा घे, पलंग आणि प्लग कधीच जवळ नसतात. बाळाला झबली, टोपडी, लंगोट आणि दुपटी. दुपटी विकत आणू नकोस. माझ्या आत्याने तिच्या दोन जुन्या सुती साड्या फाडून, तीनदा धुऊन, उन्हात वाळवून दिली होती. त्या मऊपणाला तोड नाही.

आणि फाइल. सगळ्या सोनोग्राफ्या, रक्तगटाचा रिपोर्ट, माता बाल संरक्षण कार्ड, आधार. हे सगळं बॅगेत वरच ठेव. मला कळा चालू असताना नर्सने रक्तगट विचारला आणि आमच्या ह्यांना स्वतःचासुद्धा आठवेना.

कॉलेजरोडचा_बाबा | १० डिसेंबर, रात्री ११.०५

गाडीत पेट्रोल भरून ठेवा. डिसेंबरअखेरपासून रोज. एवढंच सांगायला आलो होतो.

निवृत्त_सिस्टर | ११ डिसेंबर, सकाळी ६.४०

जुईबाळा, मी सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून अधिक प्रसूतिकक्षात. निवांत वाच.

खोट्या कळा आणि खऱ्या कळा. आता तुझं पोट अधूनमधून घट्ट होत असेल. चालून बघ, कूस बदल, दोन ग्लास पाणी पी. थांबलं तर ती खोटी कळ. खरी कळ काही केल्या थांबत नाही. कमरेतून निघते, पुढे ओटीपोटात येते, आणि दर वेळी आधीपेक्षा लांबते, जवळ येते, वाढते. घड्याळ लावून लिहून काढ: कळ कधी आली, किती सेकंद टिकली. दर ५ मिनिटांनी, प्रत्येकी १ मिनिट, असं १ तास चाललं की निघायचं. पहिलटकरीण असल्याने घाईची गरज नसते. गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंत खूप वेळ जातो, आणि त्यानंतरही दहा-बारा तास लागू शकतात. तोवर घरी हलकं खावं, चालावं, गरम पाण्याने अंघोळ करावी. दवाखाना लांब असेल तर मात्र लवकर निघ.

आता ज्या गोष्टींना तासभर थांबायचं नाही त्या. पाणी गेलं, म्हणजे बाळाभोवतीची पिशवी फुटली, तर कळा असोत-नसोत, निघायचं. किती वाजता गेलं ते लक्षात ठेव आणि पॅडवर रंग बघ. हिरवट किंवा काळसर असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते, तेव्हा अजिबात वेळ घालवायचा नाही. चिकट, किंचित रक्ताळलेला स्राव आला तर घाबरू नकोस, ती सुरुवातीची खूण आहे. पाळीसारखं रक्त गेलं तर मात्र लगेच दवाखाना. तसंच डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, चेहऱ्यावर अचानक सूज. आणि बाळाची हालचाल. रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बघत जा. कमी वाटली की "उद्या बघू" म्हणायचं नाही. रात्री दोन वाजता आलेल्या बाईला "उगाच आलीस" असं मी कधी म्हटलं नाही. ज्या सकाळी आल्या त्यांतल्या दोघी अजून आठवतात.

हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घे. चहा आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे का? असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठेव.

अंबडचा_सुपरवायझर | ११ डिसेंबर, दुपारी १.२०

जुईताई, तुमच्या मिस्टरांसाठी लिहितोय. मीही अंबडला, शिफ्टवालाच. मुलगा अडीच वर्षांचा.

एक, कंपनीत आत्ताच सांगून ठेवा. मी एचआरला आणि लाइनवरच्या दोघांना सांगितलं होतं की जानेवारीत फोन आला की मी निघणार. फोन खरंच रात्रपाळीत आला. दोघांनी मशीन सांभाळलं, पाचव्या मिनिटाला मी गेटबाहेर.

दोन, रस्ता. इंदिरानगरचा बोगदा संध्याकाळी किती तुंबतो ते तुम्हाला माहीत आहे, द्वारका चौकाचं तर बोलायलाच नको. मी दोन वेळा जाऊन बघितलं होतं, एकदा संध्याकाळी साडेसहाला आणि एकदा पहाटे चारला. साडेसहाला दुप्पट वेळ लागला. दवाखान्याचं रात्रीचं दार कुठलं, लिफ्ट रात्री चालू असते का, हेही बघून या. १०८ आणि १०२ दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवा. वडीलधाऱ्यांना घाईत मोबाइलमध्ये काही सापडत नाही.

तीन, आत कोणाला सोडतात ते आजच विचारा. मी गृहीत धरलं होतं की नवऱ्याला सोडतील. आमच्या इथे एका खोलीत तीन बायका होत्या, त्यामुळे पुरुषांना मनाई. ऐनवेळी बायकोची मामी आत गेली. मी बाहेर बाकावर नऊ तास. त्याआधी घरी जे जमलं ते केलं. कळ आली की ती भिंतीला हात टेकून उभी राहायची आणि मी तिच्या माकडहाडाच्या वर तळहाताने जोरात दाबून धरायचो. हळू दाबलं की ओरडायची, "जोरात!" कळ ओसरली की सोडायचो. चार तास असं चाललं. दुसऱ्या दिवशी माझं मनगट सुजलं होतं. ती अजून म्हणते की त्या रात्री तो हात नसता तर मी रडले असते.

निवृत्त_सिस्टर | ११ डिसेंबर, दुपारी ३.१०

सुपरवायझर, शाब्बास. सोबतीचं माणूस असलं की बाई धीराने घेते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठीच्या २०१७पासूनच्या लक्ष्य कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांतही कळांच्या वेळी सोबत असावी असं धरलेलं आहे, बहुतेक ठिकाणी बाईमाणूस चालतं. जुई, तुझ्यासोबत कोण येणार ते नाव ठरव. आणि ते माणूस घाबरट नको. आत येऊन स्वतःच रडणाऱ्या मावश्या मी बाहेर बसवल्या आहेत.

निफाडकर_आजी | ११ डिसेंबर, रात्री ८.३०

(आजी सांगतेय, मी नात टाइप करतेय.)

माझं पहिलं बाळंतपण १९७४ सालचं, निफाडला, घरीच. पौषातली थंडी. आमच्याकडं थंडी म्हणजे काय ते जुईला ठाऊक असेल. सुईण आली, सासूनं बाजेखाली गवऱ्यांची शेगडी ठेवली, दारं-खिडक्या बंद. धुरानं डोळे चुरचुरायचे. आणि पाणी प्यायला द्यायचे नाहीत! बाळंतिणीनं पाणी प्यायलं की पोट सुटतं म्हणायचे. दिवसातून दोन फुलपात्रं, तीही उकळून आटवलेली. मला इतकी तहान लागायची की अंघोळीच्या वेळी चोरून तांब्यातलं पाणी प्यायचे. दूध कमी पडलं तर पुन्हा बोल मलाच.

तर बाई, पाणी भरपूर पी. माझ्या सुनांना मी उशाशी तांब्या भरून ठेवला. लाडू मात्र सोडू नको. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, मेथी, बाळंतशोपा, बाजरीची भाकर तूप घालून, लसणाची चटणी. यातलं एकही वाया जात नाही. अंगाला तेल लाव, ऊन पाण्यानं न्हा, कानाला बांध. आणि सव्वा महिना कोणाचं ऐकून घेऊ नको.

मृगनक्षत्र | ११ डिसेंबर, रात्री ८.४४

आजींना साष्टांग नमस्कार! तांब्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

गंगापूररोडची_आई | ११ डिसेंबर, रात्री ९.३०

आजींचं पाण्याबद्दलचं १०० टक्के पटलं. शेगडीबद्दल मला ठामपणे सांगायचंय, कृपया कोणीही बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. आमच्या नात्यात एका बाळंतिणीला आणि बाळाला असंच बाहेर काढावं लागलं होतं, नशिबाने दोघं वाचली. धुरीचंही तेच. ओवा काय आणि बाळंतशोपा काय, धूर तो धूर. नवजात बाळाच्या फुप्फुसांना कशाला?

जुनं_ते_सोनं | ११ डिसेंबर, रात्री १०.१०

असं सरसकट मोडीत काढू नका हो. मी दोन्ही वेळा शेक घेतला, कंबर मोकळी झाली, झोप शांत लागली. पिढ्यान्‌पिढ्या बायका घेत आल्यात. डॉक्टर मंडळी पाच मिनिटं बघतात, चाळीस दिवस अंग कसं दुखतं ते बाळंतिणीलाच कळतं.

गंगापूररोडची_आई | ११ डिसेंबर, रात्री १०.२५

शेकाला नाही म्हटलं मी, शेगडीला म्हटलं. आणि पिढ्यान्‌पिढ्या बायकांना पाणीही दिलं नाही, ते वर आजींनीच सांगितलं.

निवृत्त_सिस्टर | १२ डिसेंबर, सकाळी ६.५५

दोघींचं बरोबर आहे गं. ऊब हवी, धूर नको. रबरी पिशवीत गरम पाणी भरून, पंचात गुंडाळून कमरेला शेक घ्या. टाक्यांवर नको, सिझर असेल तर पोटाजवळही नको. बाळाच्या शेजारी गरम पिशवी ठेवून झोपू नका, कातडी नाजूक असते, भाजतं. थंडीत बाळाला सगळ्यांत चांगली ऊब आईच्या छातीची. कपड्याच्या आत, त्वचेला त्वचा लावून, वरून शाल. जन्मल्या-जन्मल्या दवाखान्यातही हेच करू द्या म्हणून सांगून ठेव. पहिली अंघोळ २४ तासांनंतर. मालिशवाली बाई लावलीस तर तिचे हात स्वच्छ, नखं कापलेली बघ. सिझरनंतर पोटाला हात लावू द्यायचा नाही. बाळाच्या नाकात-कानात तेल नको, आणि उलटं धरून झटकणं तर मुळीच नको.

पहाटेची_आई | १२ डिसेंबर, सकाळी ११.१५

मी सिझरवाली. कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मला २२ तास कळा येऊन बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, मग सिझर. कमरेत इंजेक्शन दिलं, पडद्याच्या अलीकडे मी पूर्ण जागी. ओढाताण जाणवते, दुखत नाही. रडणं ऐकू आलं तेव्हा भूलतज्ज्ञ बाईंनी माझ्या कानापाशी वाकून सांगितलं, "मुलगी आहे, छान रडतेय." त्यांचं नाव मला माहीत नाही, पण आवाज आयुष्यभर विसरणार नाही.

जुई, तयारी करताना सिझरचीही करून ठेव, मनाने आणि घराने. लघवीची नळी काढली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवतात. पहिल्यांदा उठताना वाटतं पोट उसवेल. एका कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा देऊन उठायचं, सरळ उठायचं नाही. खोकला-शिंक आली की पोटावर उशी घट्ट दाबून धरायची. ती उशी मी महिनाभर सोडली नाही. घरी पलंग उंच असू दे, जमिनीवरच्या गादीवरून मला चार दिवस कोणीतरी ओढून उठवावं लागलं. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. पाण्याची बादली नाही, कुकर नाही.

आणि भेटायला येणारे "नॉर्मल नाही झालं का?" म्हणतील. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माफी मागितल्यासारखं उत्तर दिलं. नंतर आईने सगळ्यांना दारातच सांगायला सुरुवात केली, "दोघी सुखरूप आहेत, बाकी विचारू नका."

मेनरोडवाली | १२ डिसेंबर, सकाळी ११.४०

पहाटेची_आई, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

देवळालीकर | १२ डिसेंबर, दुपारी ४.००

लाडवांचा विषय निघालाच आहे तर, डिंक चांगला कुठे मिळतो? गेल्या वेळी आणलेला तळला की मधे कच्चाच राहायचा, दाताला चिकटायचा.

रविवारकारंजा | १२ डिसेंबर, दुपारी ४.३०

डिंकाचा दोष नसेल तो. मोठे खडे आधी फोडून एकसारखे करा आणि उन्हात ठेवा, ओल राहिली की फुलत नाही. तूप मध्यम आचेवर, एका वेळी मूठभरच घाला. फुलून पांढरा झाला की एक दाणा काढून बोटांत चुरडून बघा, आत पिवळा टणक मणी लागला तर अजून अर्धा मिनिट. आमच्या आईचे लाडू खारकेची पूड घरी कुटलेली, खोबरं किसून भाजलेलं, खसखस, जायफळ आणि गुळाचा पाक. पाक कडक झाला की लाडू दगड होतो. सामान मेन रोडला, भद्रकालीत किंवा बुधवारच्या बाजारात सगळं मिळतं.

नाशिकरोडची_मावशी | १२ डिसेंबर, दुपारी ५.१०

आणि अळिवाची खीर! नारळाच्या दुधात भिजवून. पण बाळंतपणानंतर हो, आत्ता नको.

देवळालीकर | १२ डिसेंबर, दुपारी ५.२५

रविवारकारंजा, आभारी आहे. पाकाचं एकतारी-दोनतारी काय?

गंगापूररोडची_आई | १२ डिसेंबर, दुपारी ५.४०

मंडळी, जुईचा धागा आहे, लाडवांचा नवीन काढा. मी येते तिकडे!

दुधाची_साय | १२ डिसेंबर, रात्री ९.२०

दुधाबद्दल. पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळट चीक येतो, चमचाभरच. तो बघून घरातले म्हणतात, "हिला दूधच नाही, वरचं द्या." मला असंच केलं. दुसऱ्या रात्री बाळ सारखं रडत होतं, काकूंनी मधाचं बोट चाटवलं आणि सकाळी पावडरीचा डबा आला. मी काही बोलले नाही, याचं आजही वाईट वाटतं. तेवढाच चीक बाळाला पुरतो, त्याचं पोटच तेवढं असतं. मध वर्षभर द्यायचा नाही, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. गुटी नाही, गुळाचं पाणी नाही, साधं पाणीही नाही. सहा महिने फक्त अंगावरचं.

पहिल्या तासात बाळ छातीशी घे. नुसतं टोक तोंडात गेलं तर चिरा पडतात, रडू येईल इतकं दुखतं. बाळाचं तोंड मोठं उघडलं की भोवतालचा काळा भागही आत जाईल असं धरायचं, हनुवटी छातीला टेकलेली. दवाखान्यातून निघायच्या आधी नर्सला समोर बसवून बघायला सांग.

निवृत्त_सिस्टर | १२ डिसेंबर, रात्री ९.४५

दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका, ओल्या दुपट्यांवरून ठरवा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त ओली झाली पाहिजेत. वजन पहिल्या आठवड्यात थोडं घटतं, दोन आठवड्यांत परत भरून येतं. डोळे आणि पोटाची कातडी पिवळी दिसली, बाळ प्यायला उठेना, अंग गार किंवा तापलेलं लागलं, तर लगेच बालरोगतज्ज्ञ.

सातपूरची_आशा | १३ डिसेंबर, दुपारी २.३०

मी आशा म्हणून काम करते, म्हणून सरकारी बाजू. जुईताई, तुमच्या भागातल्या आशाताईचा नंबर घेऊन ठेवा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतो, बाळाचं वजन-ताप बघतो, आईचीही चौकशी करतो. खाजगीत झालं तरी कळवा.

सरकारी दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधं, रक्त मोफत. जेवण नॉर्मलला ३ दिवस, सिझरला ७ दिवस. घरी सोडायला गाडीही. पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे ५००० रुपये पात्र असाल तर अंगणवाडीत फॉर्म भरा. नोकरी असेल तर पगारी रजा २६ आठवडे, त्यातले ८ आधी घेता येतात. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली का ते बघा. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं.

इंदिरानगरची_जुई | १३ डिसेंबर, रात्री १०.३०

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत! नवऱ्याला वाचून दाखवलं. तो उद्या पहाटे चारला दवाखान्यापर्यंत जाऊन येणार आहे. माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, सिस्टर. कळांच्या वेळी माझी चुलत नणंद येईल, ती धीराची आहे.

पण "कोण करणार" तसंच आहे. बाई मिळतेय सकाळी दोन तास. बाकीचे बावीस?

ओझरची_सून | १३ डिसेंबर, रात्री ११.१०

जुई, मलाही माहेर नव्हतं. आई मी लहान असतानाच गेली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

माझं बाळंतपण सासऱ्यांनी केलं. हो, सासऱ्यांनी. निवृत्त एसटी ड्रायव्हर, आयुष्यात चहाशिवाय काही केलं नव्हतं. महिनाभर आधी त्यांनी शेजारच्या काकूंकडून भाकरी शिकून घेतली. पहिली भाकरी नकाशासारखी झाली, काठ जळलेले, मध्ये कच्ची. विसाव्या दिवसापर्यंत पापुद्रा सुटायला लागला. रोज अकरा वाजता माझ्या दाराबाहेर ताट ठेवून खाकरायचे आणि निघून जायचे. भाकरी, शेपूची भाजी, तूप, लसणीची चटणी, वर एक लाडू. एक दिवस ताट अर्धं परत गेलं. संध्याकाळी नवऱ्याला पाठवून विचारलं, "पोरीला काय झालंय? जेवली नाही." बाळाची चौकशी सगळेच करायचे. माझ्या ताटाकडे बघणारे ते एकच होते.

म्हणून सांगते, बावीस तासांची बाई शोधू नकोस. कामं वाटून दे. रात्रीचं एक दुपटं बदलणं नवऱ्याचं, तू फक्त पाजायचं. दुपारी तासभर बाळ घेऊन बसणं शेजारणीचं, तेव्हा तू झोपायचं. आई वॉकर घेऊन येऊ शकली तर तिला खुर्चीत बसवून बाळ मांडीवर दे, गुडघे लागत नाहीत त्याला. आणि तुझं ताट कोण बघणार, ते एक नाव पक्कं कर. येणाऱ्या पाहुण्यांना चहा तू करायचा नाहीस.

पहाटेची_आई | १३ डिसेंबर, रात्री ११.३०

+१. आणि मनाकडे बघणाराही कोणी हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी विनाकारण रडायचे, ते आठ-दहा दिवसांत गेलं. माझ्या मैत्रिणीचं गेलं नाही. दोन आठवड्यांनंतरही तिला बाळाकडे बघावंसं वाटेना, झोप नाही, "मी नसते तर बरं" असं म्हणायला लागली. ते नखरे नव्हते, आजार होता. उपचार घेतले, आता उत्तम आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. तोही फ्रिजवर लाव.

निवृत्त_सिस्टर | १४ डिसेंबर, सकाळी ६.३०

बरोबर. त्याच कागदावर हेही लिही: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, लिंबाएवढ्या गाठी पडणं, थंडी वाजून ताप, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, एक पोटरी सुजून दुखणं, जोराची डोकेदुखी. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत यातलं काहीही झालं तर दवाखाना. "बाळंतिणीला एवढं चालायचंच" हे वाक्य घरात कोणी उच्चारायचं नाही.

इंदिरानगरची_जुई | १६ जानेवारी, दुपारी ३.४५

मंडळी, मुलगी झाली! ११ तारखेला, पहाटे ५.२०. नॉर्मल, थोडे टाके आहेत. वजन २ किलो ९००.

दहाच्या रात्री कमरेतून सुरू झालं. पाणी प्यायले, चालले, थांबेना. नवऱ्याने फ्रिजवरच्या कागदावर वेळा लिहिल्या. १०.१०, १०.१८, १०.२४... त्याचं अक्षर पुढे पुढे थरथरत गेलंय, तो कागद मी जपून ठेवलाय. पाठ दाबायचं त्याने इथेच वाचलं होतं, सुपरवायझरदादा, तेही "जोरात" सकट. बोगदा एक वाजता पूर्ण रिकामा होता. आत नणंद माझा हात धरून होती. मी "आता नाही होणार" म्हणाले तेव्हा ती फक्त म्हणाली, "ही एक होऊ दे, मग बघू." अशा कितीतरी "ही एक" झाल्या. तिला लगेच माझ्या छातीवर ठेवलं, ओली, गरम, डोळे उघडे. चीक तासाभराच्या आत.

घरी १३ तारखेला आलो. आज पाचवी. आई आलीय चाळीसगावहून, वॉकरसकट. खुर्चीत बसून नात मांडीवर घेऊन गातेय. बाई सकाळी येते. काल दुपारी शेजारच्या काकू आल्या आणि मी दोन तास सलग झोपले.

आणि ओझरच्या ताई, तुमचं मी सासऱ्यांना वाचून दाखवलं होतं. ते काही बोलले नाहीत. बाबांना भाकरी येत नाही, पण रोज रात्री झोपायच्या आधी माझ्या उशाशी कोमट पाण्याचा तांब्या झाकून ठेवतात आणि सकाळी तो रिकामा आहे का ते बघतात. हे निफाडच्या आजींना नक्की सांगा.

निफाडकर_आजी | १६ जानेवारी, सायंकाळी ६.१५

(आजी खूप वेळ काही बोलली नाही.) लेकीला आणि नातीला आशीर्वाद. त्या बाबांनाही.

निवृत्त_सिस्टर | १६ जानेवारी, सायंकाळी ६.५०

जुईबाळा, खूप आनंद झाला. टाके दुखतात का? पॅड किती लागतात? बाळाचं वजन केलं का, आणि दुपटी मोजतेस ना?

इंदिरानगरची_जुई | १६ जानेवारी, रात्री ९.०५

टाके बसताना दुखतात, कालपेक्षा कमी. पॅड दिवसाला चार-पाच. वजन आज २ किलो ७४०, डॉक्टर म्हणाले ठीक आहे. दुपटं आत्ताच नवऱ्याने बदललं, सकाळपासूनचं सातवं.